साहेबाचं तस्त

आमच्या धुळ्याच्या घरात जिन्याखाली एक जग आणि एक मोठं पसरट भांडं आहे. दोन्ही चिनी मातीची, पांढऱ्यावर निळी फुलं. जगाच्या कानाचा टवका उडालेला आहे आणि भांड्याला काठापासून बुडापर्यंत केसाएवढी चीर गेलेली आहे. लहानपणी जगात छत्र्या ठेवलेल्या असायच्या आणि भांड्यात जुन्या किल्ल्या, खिळे, बंद पडलेले सेल. घरात त्याला 'साहेबाचं तस्त' म्हणतात.

त्याची गोष्टही ठरलेली. पणजोबा मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका सरकारी बंगल्यावर नोकरीला होते. इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना त्यांच्यावर खूश होऊन हा सेट भेट देऊन गेला. लग्नकार्यात, दिवाळीत, नवीन सून घरात आली की ही गोष्ट सांगितली जायची. मीही कॉलेजात चार जणांना सांगितली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी गेलो तेव्हा जग उलटा करून बुडाचा फोटो काढला. तिथे 'इंग्लंड' असा शिक्का आणि एक नोंदणी क्रमांक होता. नेटवर शोधाशोध केली, फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, खाली 'घराण्याचा ठेवा' असं लिहिलं. भरपूर लाइक आले. मोठ्या कौतुकाने आजीला दाखवायला गेलो. अंदाजे सव्वाशे वर्षांपूर्वीची नक्षी आहे, परदेशात लोक असे सेट दिवाणखान्यात मांडतात, असं सगळं सांगितलं. आजी अहिराणीतच बोलते. तिने फोन हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि विचारलं,

"मंग त्यामा पानी कोन भरे?"

मग त्यात पाणी कोण भरायचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर जे वाचलं, विचारलं, ते या एका प्रश्नामागे.

बेडरूममधली मोरी

आधी ही वस्तू काय होती ते सांगतो. घरात नळ येण्याआधीच्या इंग्लंडमध्ये खाऊनपिऊन सुखी घरातल्या प्रत्येक बेडरूममध्ये एक छोटं टेबल असायचं, बरेचदा वर संगमरवरी फरशी बसवलेलं. त्यावर हा सेट. मोठ्या जगात पाणी, पसरट भांड्यात ते ओतून तोंड-हात धुवायचं. पूर्ण सेटमध्ये साबणाची डबी, दात घासायच्या ब्रशचं भांडं, वापरलेलं पाणी टाकायची झाकणाची बादली आणि पलंगाखाली ठेवायचं लघवीचं भांडंही असे. सगळ्यांवर एकच नक्षी. म्हणजे आपली मोरी, पण टेबलावर मांडलेली आणि फुलाफुलांची.

हे सगळं चालायचं मोलकरणींच्या जोरावर. सकाळी तळघरातल्या स्वयंपाकघरात पाणी तापवायचं, ते घेऊन दोन-तीन जिने चढायचे, प्रत्येक खोलीच्या दाराशी ठेवायचं. मालक-मालकीण आवरून खाली आले की वर जाऊन घाण पाणी बादलीत ओतायचं आणि तेच जिने उतरायचे. पाणी जेवढं वर जायचं तेवढंच खाली यायचं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर जग आणि भांडं हा नुसता स्क्रीन होता. मागची सिस्टीम म्हणजे एक पोरगी आणि जिना.

माती, पाणी आणि सात वर्षांचा मुलगा

हे सेट मुख्यतः इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बनायचे. टनस्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेन्टन आणि लाँगटन ही एकमेकांना खेटून असलेली सहा गावं, जी १९१० साली एकत्र होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झाली. कोळसा तिथेच मिळायचा, पण उत्तम पांढरी माती यायची कॉर्नवॉलहून. समुद्रमार्गे लिव्हरपूलच्या बाजूला आणि तिथून कालव्याने आत. जोशाया वेजवुड या कुंभारकामातल्या मोठ्या कारखानदाराने ज्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी खटपट केली तो १७७७ साली पूर्ण झाला. खडबडीत रस्त्यावरून गाडीत भांडी फुटायची, पाण्यावरून सुखरूप जायची.

निळी नक्षी हाताने काढलेली नसते, हेही मला तेव्हाच कळलं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर त्याचा छाप घ्यायचा आणि तो ओला कागद भांड्यावर घासून चिकटवायचा. मग पाण्याने कागद धुऊन काढायचा, छाप मागे राहतो. वरून झिलई आणि भट्टी. कागद चिकटवायचं काम बहुतेक बायका करायच्या. माझ्या जगाच्या कानाखाली जिथे कागदाची दोन टोकं जुळली आहेत, तिथे एक फूल अर्धंच आहे. बाईंचा हात घाईत होता.

याच पद्धतीने स्टॅफर्डशायरवाल्यांनी भारतही छापला. १८०७ साली निघालेल्या, भारतातल्या शिकारीवरच्या एका पुस्तकातली चित्रं घेऊन स्पोड कंपनीने 'इंडियन स्पोर्टिंग' नावाची भांडी काढली. हत्ती, वाघ, बिबट्या, सगळं निळं. भारत कधी न पाहिलेल्या बायकांनी ती चित्रं भारत न पाहिलेल्या लोकांच्या ताटांवर चिकटवली.

चार्ल्स शॉ नावाच्या माणसाने १९०३ साली आपल्या लहानपणच्या आठवणी छापल्या. तो टनस्टॉलचा. वयाच्या सातव्या वर्षी कामाला लागला. काम काय, तर ओली भांडी साच्यासकट उचलून वाळवायच्या तापलेल्या खोलीत पळत न्यायची, रिकामा साचा घेऊन पळत परत यायचं. दिवसभर. कुंभारकामाच्या कारखान्यांना मुलांच्या कामाचा कायदा लागू झाला १८६४ साली. झिलईतल्या शिशाने आणि गारगोटीच्या धुळीने माणसं आजारी पडायची ती त्यानंतरही पडतच राहिली. ज्यांनी हात धुवायची भांडी बनवली त्यांच्या हाताचं शिसं काही धुऊन गेलं नाही.

लिव्हरपूल ते धुळे

बुडाच्या शिक्क्याकडे परत येतो. अमेरिकेने १८९० साली कायदा केला, की आयात मालावर देशाचं नाव हवं. त्यानंतर इंग्लिश भांड्यांवर 'इंग्लंड' लिहिणं सर्रास झालं. नोंदणी क्रमांकांची मालिका १८८४ साली सुरू झाली. आमच्या जगावरचा क्रमांक साडेतीन लाखांच्या थोडा पुढचा आहे, म्हणजे नक्षी १९००च्या आसपास नोंदवलेली. भांडं त्यानंतर कधीही बनलेलं असू शकतं.

१९०० साल धुळ्यासाठीही महत्त्वाचं. त्याच वर्षी चाळीसगाव-धुळे रेल्वे सुरू झाली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हातात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं होतं. १९०६ साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिमेचं धुळे. भुसावळला रेल्वेची मोठी वसाहत. कलेक्टर, पोलीस, जंगल, रेल्वे, पाटबंधारे या सगळ्या खात्यांचे साहेब, त्यांचे बंगले आणि फिरतीवर मुक्कामासाठी रस्त्यांवरचे बंगले.

जाणारा माल कोणता हे खानदेशी माणसाला सांगायला नको. कापूस. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात तिथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या गासड्या लिव्हरपूलला उतरायच्या. गवतात गुंडाळलेली चिनी मातीची भांडी पेट्यांत भरून निघायची तीही लिव्हरपूलहून. सुएझचा कालवा १८६९ साली उघडल्यावर अंतर आणखी कमी झालं. मुंबईत उतरून थळ घाट चढून रेल्वेने माल खानदेशात.

स्टॅफर्डशायरहून नुसती भांडीच आली नाहीत. जॉन लॉकवूड किपलिंग हा तरुण बर्सलेमच्या एका कुंभारकामाच्या कारखान्यात शिकला, १८६५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आला. त्याची आणि त्याच्या बायकोची पहिली भेट स्टॅफर्डशायरमधल्या रुडयार्ड तलावाकाठी झाली होती. हा तलाव म्हणजे कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं धरण. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत मुलगा झाला, त्याला तलावाचं नाव ठेवलं. त्या रुडयार्ड किपलिंगची १८९०ची गाजलेली कविता, 'गंगा दीन', कुणावर आहे? गोऱ्या पलटणीला पाणी पाजणाऱ्या भिश्तीवर.

मागचं दार

भिश्ती हा शब्द फारसी 'बेहेश्त' म्हणजे स्वर्ग, त्यावरून आलेला मानतात. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला. पाठीवर कातड्याची मशक घेऊन विहिरीवरून पाणी आणायचं, हे त्याचं काम.

इंग्रजी बंगल्यात प्रत्येक बेडरूमच्या मागे न्हाणीघर असायचं आणि त्याला बाहेर उघडणारं वेगळं दार. पाहुण्याला वाटायचं की ते हवेसाठी असेल. त्या दाराने भिश्ती पाणी घेऊन यायचा आणि त्याच दाराने मेहतर कमोडचं भांडं घेऊन जायचा. दोघांनाही साहेबाच्या खोलीतून जावं लागू नये म्हणून ही सोय. साहेब उठला की जग भरलेला, भांडं स्वच्छ. कोण आलं, कोण गेलं, दिसायचंही नाही.

तसं पाहिलं तर हात धुवायचं भांडं आपल्याकडे नवीन नव्हतं. 'तस्त' हा शब्द फारसीतून आला आणि दरबारी घराण्यांत रुळला. पंगत उठली की सेवक तस्त पुढे धरायचा, वरून पाणी घालायचा. साध्या घरात घंगाळ, तांब्या, तपेली. खानदेशात तर मे महिन्यात मातीचा माठच खरा. माठाला घाम येतो, त्याने पाणी गार होतं. झिलईच्या जगातून पाणी पाझरत नाही, म्हणून ते गारही होत नाही. दिसायला देखणा, पण उन्हाळ्यात बिनकामाचा.

आणि चिनी मातीकडे आपली जुनी माणसं संशयानेच पाहायची. तांब्या-पितळेची भांडी राखेने, चिंचेने घासली की शुद्ध होतात, मातीचं एकदा बाटलं की बाटलं. लोणच्याची बरणी चालायची, कपबशीला मात्र बराच काळ उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारखी मंडळी चहाच्या कपांपुढे बसली म्हणून केवढं रण माजलं, ते प्रसिद्धच आहे.

साहेबाच्या मागच्या दारावर मी बोट ठेवलं, पण आपल्याकडे तर अख्ख्या विहिरीला मागचं दारही नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहिलं आहे. इतर मुलं नळावर जाऊन पाणी प्यायची. यांनी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई ज्या दिवशी नसेल त्या दिवशी तहान तशीच. पुढे २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला.

धुळ्याजवळ लळिंग किल्ल्याच्या परिसरात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. आजही दर ३१ जुलैला हजारो माणसं तिथे जातात. मी शाळेत असताना त्या गर्दीमुळे बस उशिरा येते एवढंच मला माहीत होतं. आता वाटतं, जो बंगला साहेबांच्या मुक्कामासाठी होता, तिथे पाण्याला हात लावू न दिलेला मुलगा बॅरिस्टर होऊन उतरला, हे धुळ्याच्या इतिहासातलं मोठं पान आहे. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबाच्या तस्ताची गोष्ट मात्र पाठ होती.

नळ आला

हे सेट गेले कसे? नळाने घालवले, आणि गंमत म्हणजे ते घालवणारेही स्टॅफर्डशायरचेच. हॅन्लीच्या थॉमस ट्वायफर्डने १८८३ साली एकसंध चिनी मातीचं कमोड आणलं. भिंतीतून पाणी येणार आणि जमिनीतून जाणार म्हटल्यावर जग भरायचं कारणच उरलं नाही. हळूहळू सेट पाहुण्यांच्या खोलीत, मग माळ्यावर, मग जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. आता लोक त्यांत फुलं ठेवतात. याच ट्वायफर्डच्या सहकार्याने १९६० साली भारतात हिंदुस्थान ट्वायफर्ड्स ही कंपनी निघाली आणि इथेही चकचकीत बेसिनं बनू लागली.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी आजीनेच दिलं. मी एवढं सगळं वाचून परत गेलो आणि विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, पणजोबाच भरायचे. बंगल्यावर ते पाणी भरायलाच होते. विहिरीवरून घागरी आणायच्या, पाणी तापवायचं, जग भरायचा. आणि भेट? भेट कसली. बंगल्यात नळ आला, भिंतीला बेसिन लागलं, तेव्हा ही भांडी अडगळीत टाकली. कानाचा टवका तेव्हाच उडालेला होता. टाकून द्यायला सांगितलं होतं, ते हे घरी घेऊन आले. आल्यावर आजीच्या सासूबाईंनी स्वयंपाकघरात ठेवू दिलं नाही, म्हणून जिन्याखाली.

"मग भेट दिली असं का सांगायचे?" मी विचारलं. तिचं म्हणणं, पाणी भरत होतो हे सांगून कोण सोयरीक करेल?

मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग स्वतःचाच राग आला. वाईट कशाचं? गोष्ट खोटी निघाली याचं, की पणजोबा पाणी भरायचे याचं?

आमच्या भागात इंजिनिअर म्हटलं की विश्वेश्वरय्यांचं नाव निघतंच. १८८०च्या दशकात, विशीत असताना, ते धुळे भागात नोकरीला होते आणि पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाणी नेणारा पाइपचा सायफन त्यांनी बांधला. तत्त्व साधं आहे. पाणी जेवढ्या उंचीवरून उतरतं, जवळपास तेवढ्या उंचीपर्यंत पलीकडे आपोआप चढतं. त्याला उचलायला माणूस लागत नाही. इंजिनिअरिंगचा मला समजलेला अर्थ एवढाच, की कुणाच्या तरी डोक्यावरची घागर उतरली पाहिजे. मी त्या वयात काय करतो? पुण्यात बसून एका ॲपचं बटण निळं ठेवायचं की हिरवं, यावर मीटिंग करतो.

आणि धुळ्याच्या घरी? आमच्याकडेही आता संगमरवरासारख्या दिसणाऱ्या टाइल्स आहेत, गुजरातेतलं बेसिन आहे, त्याला गरम-गार पाण्याचा एकच नळ आहे. नळ फिरवला की आधी फुस्स असा आवाज येतो. पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला. त्या दिवशी आई घर सोडत नाही. मोटार लावायची, टाकी भरायची, मग ड्रम, मग हंडे-कळश्या, मग फ्रिजच्या बाटल्यासुद्धा. बेसिनखाली बादली आणि मग ठेवलेला असतो, आम्ही हात त्यानेच धुतो. म्हणजे घरात बेसिन आहे, आणि व्यवस्था मात्र अजून जग-भांड्याचीच.

माझ्या पदवीदान समारंभाला आई आली नव्हती. बाबा एकटेच आले. तिची तब्येत बरी नाही, असं मी मित्रांना सांगितलं. त्या दिवशी पाणी येणार होतं. म्हणजे गोष्ट बदलून सांगायची आमची घरची पद्धत मीही चालवलीच.

इन्स्टाग्रामवरचा तो फोटो मी काढून टाकला नाही. खालचा मजकूर बदलला. आता तिथे लिहिलं आहे की हा जग माझे पणजोबा भरायचे. लाइक काही वाढले नाहीत. एका मामेभावाने मात्र फोन करून विचारलं, हे असं जगजाहीर करायची काय गरज होती?

त्याला नीट उत्तर देता आलं नाही. परवा आईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "उद्या सकाळी फोन करू नको बरं, पाणी येणार आहे." मी ठीक आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तीस वर्षं त्या घरात पाणी कोण भरतं, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. आजीने विचारलं, ते जगाबद्दल होतं असं मला वाटलं.